वॉर पिग्ज: सैतान नेमका कोण?

ब्लॅक सबाथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या 'वॉर पिग्ज'ला काही जण सैतानपूजेचं गाणं म्हणतात. असा समज का होतो ते कळतं. गाण्याचं मूळ नाव 'वॉलपर्गिस' होतं, म्हणजे चेटकिणींच्या मेळाव्याची रात्र. पण बँडचा बासवादक गीझर बटलर याने लिहिलेले शब्द नीट ऐका. इथे काळी जादू करतात ते सेनापती आणि राजकारणी. युद्ध पेटवून ते मागे लपतात, मरायला जातात गरिबांची पोरं. सैतान येतो तो अगदी शेवटी, हेच लोक गुडघे टेकून क्षमा मागत असताना, हसत. १९७० साली, व्हिएतनाम जळत असताना, हे इतकं उघड म्हणायला छाती लागते.

आणि बांधणी! सुरुवातीला भोंगा वाजतो, हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा. पुढे कडव्यांत गिटार दोन घाव घालून गप्प होते, मागे फक्त ड्रमर बिल वॉर्डची हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) टिकटिकत राहते आणि त्या मोकळ्या जागेत गायक ऑझी ऑस्बॉर्न एकटा गातो. एकही शब्द वाद्यांखाली दडपत नाही. माझ्या मते गाण्याचा खरा जडपणा त्या शांततेत आहे.

गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या कारखान्यात तुटली होती, हेही लक्षात ठेवा. डावखुरा असल्याने तारा दाबायची बोटं तीच. प्लॅस्टिक वितळवून त्याने स्वतःच त्या बोटांसाठी टोपणं बनवली.

गाण्याच्या शेवटी टेपचा वेग वाढवलाय, तो हेडफोन लावून ऐकाच.