पहिलीच गाडी म्हणून जुनी टू-सीटर स्पोर्ट्स, साडेसहा लाखात मिळतेय पण कामं आहेत, घेऊ का?

लालबागकर_२६
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय कारण दोन रात्री हाच विषय डोक्यात आहे. अंधेरीत एकाकडे २०११ ची जर्मन टू-सीटर आहे, बटण दाबलं की पत्र्याचं छप्पर दुमडून डिकीत जातं ती, पेट्रोल ऑटोमॅटिक, ६८ हजार किमी, साडेसहा लाख सांगतोय. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही, मालकही इथे वाचत असेल. दिल्ली पासिंग आहे, आरसीची मुदत संपायला ७ महिने उरलेत आणि गेले १४ महिने सोसायटीच्या आवारात कव्हर घालून उभी आहे. मालकाने स्वतःहून सांगितलं की छप्पर अर्ध्यात जाऊन थांबतं, चेक इंजिनचा दिवा लागतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका देते आणि टायर टाकावे लागतील. बाकी किरकोळ म्हणाला.

आमच्या घरात आजवर गाडी आलेली नाही. बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. लहानपणी सुट्टीत कधीतरी त्यांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसायचो, एकदा पेडर रोडच्या सिग्नलला खाली बघितलं तर बाजूला उघडी लाल गाडी उभी, आतलं सगळं दिसत होतं, गिअरचा गोळा सुद्धा. ती अजून डोळ्यासमोर आहे. आता ८ लाख साठलेत, लोन काढायचं नाही. लायसन्स दोन वर्षांपूर्वी काढलं पण हातात गाडी म्हणजे महिन्यातून एकदा मित्राची वॅगनआर. ऑफिसला लोकलनेच जाणार, गाडी फक्त शनिवार-रविवार. बाबा म्हणतात आधी हात बसू दे मग बघ. मला वाटतं आत्ता नाही तर कधी, उद्या लग्न झालं, घराचा हप्ता लागला की टू-सीटर कोण घेऊ देणार. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज खरं खरं सांगा.

वडाळा_गॅरेज
मित्रा, माझं १८ वर्षं गॅरेज आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मालकाने सांगितलेली कामं दिसणारी आहेत, त्यांचं एस्टिमेट काढता येतं. मला जास्त खटकतंय ते १४ महिने उभी असणं. आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांच्या दमटपणात टाकीत पडून राहिलं की पाणी खाली बसतं, मग फ्युएल पंप आणि इंजेक्टर दोन्हीकडे गंज. त्यात २०११ ची गाडी, नव्या गाड्या ई२० च्या, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकणाऱ्या मटेरियलने यायला लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून, त्याआधीच्या पाइप आणि सीलचा भरवसा देता येत नाही. म्हणजे घेतलीस तर टाकी उतरवून साफ करणं हे पहिलं काम, आणि हे त्या मालकाच्या यादीत नाहीये.

आता चेक काय करायचं ते सांगतो. सकाळी जा आणि आधीच फोनवर बजाव की मी यायच्या आधी स्टार्ट करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेव, गार पाहिजे. मग पहिला स्टार्ट स्वतः ऐक. सुरुवातीचे दोन-तीन सेकंद पुढून साखळी डब्यात खुळखुळल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन नाहीतर ती ताणून धरणारा टेन्शनर गेलाय, आणि चेनने दात सोडले तर व्हॉल्व पिस्टनला भिडतात, मग अख्खं इंजिन उघडायचं. गरम इंजिनवर हा आवाज कित्येकदा येतच नाही म्हणून गार स्टार्टचा एवढा आग्रह. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून आत बोट फिरव, कॉफीच्या फेसासारखं चिकट लागलं तर ऑइल कूलंटमध्ये मिसळतंय, तिथूनच परत ये. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, घेऊन जा, नुसते कोड बघू नकोस, रेडिनेस पण बघ, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, सगळे अपूर्ण दाखवत असतील तर कुणीतरी कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, पुराच्या पाण्यात बसलेल्या गाडीच्या पट्ट्यावर आतल्या टोकाला मातीची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. सीटचे रूळ खालून बघ, गंज तिथे दिसतो.

छपराचं म्हणशील तर ते हायड्रॉलिक असतं. पंप, सिलिंडर, नळ्या आणि जागोजागी बारीक स्विच, एक स्विच चुकला तरी सगळं मध्येच थांबतं. नशीब असेल तर नुसता स्विच. नाहीतर सिलिंडरची सीलं. काही मॉडेलमध्ये पंप अशा खोलगट जागी असतो की पाणी जायची भोकं पानांनी तुंबली की तो पाण्यातच बसतो. गेल्या जूनमध्ये एक मुलगा अशीच गाडी घेऊन आला, माटुंग्याच्या पुलावर पाऊस आला म्हणून बटण दाबलं तर छप्पर उभं राहिलं, ना पुढे ना मागे, गॅरेजला पोचला तोवर आत इंचभर पाणी आणि डोक्यावरच्या सिलिंडरमधून तेलाचा थेंब थेंब त्याच्या शर्टावर. गाडी अजून माझ्याकडे आहे, सिलिंडर बाहेरून यायचाय. माझ्या मते ही घेऊ नकोस.

घोडबंदर_१९
मी केलंय हे, म्हणून लिहितोय. २४ चा होतो, पहिलीच गाडी, मॉडेल वेगळं पण प्रकार तोच. कंपनीचं नाव घेत नाही, गाडी चांगलीच होती, मी घेतली तेव्हा तिचं वय झालेलं एवढंच. ४ लाख ८० हजारला घेतली आणि पहिल्या वर्षात २ लाख ९० हजार घातले. पैशाचं दुःख मला आता नाही. दोन वर्षांत ती साधारण ९ महिने गॅरेजमध्ये होती, गिअरबॉक्सच्या एका कंट्रोल युनिटसाठी ११ आठवडे थांबलो, आणि त्या सगळ्या काळात माझा हात बसलाच नाही. गाडी परत आली की पहिले दोन दिवस मी आवाज ऐकत चालवायचो, कुठे दिवा लागतोय का बघत. रिव्हर्स, चढावर थांबून निघणं, ट्रकच्या शेजारून जाणं यातलं काहीच रोजच्या सवयीचं झालं नाही. कसाऱ्याच्या घाटात एकदा टेंपरेचरचा काटा चढताना बघून एवढा घाबरलो की मागचा कंटेनर न बघताच डावीकडे घेतली. त्याने ब्रेक मारला म्हणून वाचलो. अनुभवी माणसाने काटा बघत आरसाही बघितला असता, मला दोन्ही एकदम जमत नव्हतं.

गिअर बदलताना बसणारे झटके पण हलक्यात घेऊ नकोस. कधी ऑइल आणि फिल्टर बदलून जातात, कधी आतलं इलेक्ट्रॉनिक युनिट गेलेलं असतं, आणि उघडल्याशिवाय कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आणि टायरवर कडेला चार आकडे असतात ते वाच, ३२१६ असेल तर २०१६ चा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी एवढा जुना रबर पावसात पकडत नाही, वेस्टर्न एक्स्प्रेसच्या ओल्या उड्डाणपुलावर तर नाहीच.

वाशीकर_काका
बाळ, सगळे इंजिनाचं बोलतायत, मी कागदाचं बोलतो, माझं निम्मं आयुष्य फॉर्म भरण्यात गेलंय. दिल्लीच्या गाड्या इकडे स्वस्त का येतात तर तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, २०१८ ला सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरले, त्यामुळे १५ जवळ आली की मालक मिळेल त्या भावात सोडतो. तुला आधी तिथल्या आरटीओची एनओसी लागणार, म्हणजे फॉर्म २८, मग ट्रान्सफरचे २९ आणि ३०, गाडीवर कधी लोन असेल तर बँकेचं ३५. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर नवीन नंबर घ्यावाच लागतो आणि महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागतो. इंपोर्टेडला दर जास्त आहे, वयाप्रमाणे घसारा मिळतो, पण आकडा एजंटाच्या तोंडून घेऊ नको, आरसीची झेरॉक्स घेऊन अंधेरी किंवा वडाळा आरटीओत स्वतः विचार.

त्याहून महत्त्वाचं. ७ महिन्यांनी १५ वर्षं पूर्ण होणार, मग फिटनेस आणि ५ वर्षांचं रिन्युअल. १ एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला त्याची फी ५ हजार झाली, पण इंपोर्टेड मोटारीला ४० हजार. वर पर्यावरण कर वेगळा. फिटनेसला चेक इंजिनचा दिवा लागलेली गाडी घेऊन जाणार आहेस का? इन्शुरन्स जर ९० दिवसांच्या वर तुटला असेल तर नो क्लेम बोनसही गेला, आणि इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारा विमा, सहसा कुणी देत नाही, म्हणजे एक हेडलाइट फुटला तरी मोठा भाग तुझ्या खिशातून. एनओसी मालकाच्या हातात दिसेपर्यंत टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नको.

पार्लेकर_मॅन्युअल
सगळ्यांनी नाही म्हटलंय म्हणून मी थोडं दुसऱ्या बाजूने. माझ्याकडे ९ वर्षं जुनी टू-सीटर आहे आणि रविवारी पहाटे साडेपाचला लेकीला शेजारी बसवून कोस्टल रोडला जातो, प्रियदर्शिनी पार्कच्या इथे बोगद्यातून बाहेर आलं की छप्पर उघडं असलं तर खारा वारा थेट तोंडावर येतो, ते सुख मी शब्दात सांगू शकत नाही. त्यामुळे लालबागकर, तुझी इच्छा खोटी नाही, कुणी काहीही म्हणो. पण मी ती चौथी गाडी म्हणून घेतली, घरात रोजची एक वेगळी आहे, आणि घेताना किमतीच्या निम्मे पैसे बाजूला काढून ठेवले होते, त्याला हात लावायचा तो फक्त गाडीसाठीच. तुझ्याकडे ८ मधले दीड उरतात, त्यातून आरटीओ, टायर आणि टाकी एवढंच जेमतेम निघेल. छप्पर आणि गिअरबॉक्सला काहीच नाही.

तुला चालवण्यात मजा येणारी गाडी हवीय ना, मग आपल्या पुण्याच्या बाजूला बनलेल्या दोन बघ. एक पुंटो अबार्थ, रांजणगावची, २०१५ ला आली, १.४ टर्बो, १४५ बीएचपी, मॅन्युअल. कमी आहेत आणि पार्टसाठी ओळखी लागतात, पण लोक एकमेकांना धरून आहेत. दुसरी चाकणची पोलो, २०२० पासूनची १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) मॅन्युअल, ११० पीएस, पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून कुठेही मिळतो, चार दारं आहेत म्हणजे आईबाबांनाही मागे बसवता येईल. जुनी जीटी टीएसआय पण मस्त आहे पण तिचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आपल्या बंपर टू बंपर ट्रॅफिकला नाजूक, पहिलीला मॅन्युअलच घे. गिअर टाकायला शिकलास की पुढे कुठलीही स्पोर्ट्स घे, हात तयार असेल.

लालबागकर_२६
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज सकाळी सातला बाबांना घेऊन गेलो. फोनवर दोनदा सांगितलं होतं की स्टार्ट करू नका. कव्हर काढून ठेवलेलं, गाडी पुसलेली, आणि खरं सांगतो ती समोर दिसली तेव्हा तुम्ही सांगितलेलं सगळं मी विसरलो. मी दार उघडून आत बसायला निघालो तोवर बाबा काही न बोलता पुढे गेले आणि बॉनेटवर पंजा सपाट ठेवला, थोडा वेळ तसाच. मग माझा हात धरून तिथे ठेवला. कोमट होतं. मालक म्हणाला बॅटरीसाठी जरा चालू केली होती.

तरी स्कॅनर लावला. एकही कोड नाही, दिवाही लागत नव्हता, पण वडाळाकर म्हणाले तसे रेडिनेस जवळपास सगळे अपूर्ण. डिकीचं कार्पेट उचललं तर खाली ओलं, पाऊस थांबून आठवडा झालाय. एनओसीसाठी अर्ज पण केलेला नाहीये, पैसे मिळाले की करतो म्हणाला. चालवून बघितलीच नाही, कारण चालवली असती तर मी घेतली असती हे मला माहिती होतं.

परत येताना बाबा ट्रेनमध्ये खिडकीशी बसून बराच वेळ गप्प होते, मग दादरच्या आधी म्हणाले, गाडी सुंदर होती रे. मला फार बरं वाटलं ते ऐकून. पहिल्या दिवसापासून ते नकोच म्हणत होते ना.

आता पोलो मॅन्युअल बघतोय, २०२१ च्या आसपासची, एमएच-०१ ते ०४ किंवा पुणे पासिंग चालेल, बजेट ७ पर्यंत, पहिला मालक असला तर उत्तम. कुणाच्या नजरेत असेल तर मेसेज करा, येत्या रविवारी बाबा आणि मी दोघं येऊ. पार्लेकर दादा, एखाद्या रविवारी पहाटे तुमची गाडी नुसती बघायला आलो तर चालेल का?

पार्लेकर_मॅन्युअल
बघायला कशाला, शेजारी बस. लेकीची परीक्षा आहे, या रविवारी सीट रिकामीच आहे. सव्वापाचला वरळी सी फेसला ये.