प्रति: निवृत्तीनंतर बेळगाव की वेंगुर्ला?
वेंगुर्ल्यात निवांतपणा आणि बेळगावात नुसती गर्दी, हे वर म्हटलंय ते मान्य. टिळकवाडीच्या रेल्वे गेटाशी अडकलेला कुणीही तेच म्हणेल. पण गाडीचं कुणी बोललंच नाही. केए-२२ पासिंगची, म्हणजे इथली बेळगावची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात ठेवली की तिची तिकडे नव्याने नोंदणी करावी लागते, म्हणजे सिंधुदुर्गाचा एमएच-०७ नंबर. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), तिकडचा रोड टॅक्स, आणि इथे भरलेल्याचा परतावा हवा तर पुन्हा हेलपाटे. (आमचे भावोजी अजून घालतायत!)

खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो तो वेगळाच. घर विकण्याआधी एक अख्खा पावसाळा तिकडे भाड्याने राहा, आंबोली घाटातून ये-जा करून बघा.