मदत हवी आहे: कुत्रा फिरवताना रस्त्याकडेचा कचरा सुरक्षितपणे कसा उचलावा, आणि तो पडणं कसं थांबवावं?

अबोली

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या एका लहान पालिकेच्या शहरातली ही वाट आहे. नाव देत नाही, कारण डिचोली असो, पेडणे असो की केपे, चित्र फारसं वेगळं नसणार.

कुत्रा गावठी, १८ किलोचा, नाक कायम जमिनीला. वाट साधारण दोन किलोमीटरची. बस स्टँडच्या मागे चहाचे कागदी कप, पानमसाल्याची पाकिटं, सिगारेटची थोटकं. मासळी मार्केटच्या भिंतीला लागून पातळ पिशव्यांत बांधलेली माशांची डोकी आणि आतडी. व्हाळावरच्या (ओढ्यावरच्या) पुलाशी गाठ मारलेल्या घरगुती कचऱ्याच्या पिशव्या, त्यांत डायपर. तिथून पुढे शेताकडेच्या रस्त्यावर बिअरच्या बाटल्या, फुटलेली काच, चिकनची हाडं, फॉइल, चखण्याची पाकिटं.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. एका हातात साखळी असताना कचरा कसा उचलायचा? कुत्र्याच्या तोंडात काही गेलं किंवा पायात काच घुसली तर नेमकं काय करायचं? आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं: त्याच जागी पुन्हा कचरा पडू नये म्हणून काय करता येतं? रोज उचलायची माझी तयारी आहे, पण उचलणं हा उपाय नाही हे कळतंय.

तिठा

आधी सामान सांगतो. कमरेला बांधायचा पट्टा घ्या आणि साखळी त्यात अडकवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. साखळी दीड मीटरची, एकाच लांबीची. बटण दाबून लांब होणारी दोरी या कामाला धोक्याची, तुम्ही वाकता तेवढ्यात कुत्रा चार मीटरवरच्या काचेवर पोचलेला असतो. उचलायला लांब दांड्याचा चिमटा, टोकाला रबर असलेला. ८० सेंटिमीटरच्या आसपासचा बरा, त्याहून आखूड घेतला तर कंबर धरते.

हातमोजे गवंडी वापरतात ते, विणलेले आणि तळव्याला रबराचा लेप दिलेले. दवाखान्यातले पातळ मोजे काचेसमोर टिकत नाहीत. गोळा करायला तांदळाची विणलेली दहा किलोची गोणी उत्तम. काचेसाठी मात्र झाकणाचा पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा वेगळाच ठेवा. गोणीत काच टाकली की ती विणीतून बाहेर येते आणि चालताना तुमच्याच मांडीला लागते.

उचलायचा क्रम: कुत्र्याला रस्त्याच्या आतल्या बाजूला बसवा, साखळीवर पाय ठेवा, मग चिमटा चालवा. काच दिसली तर आधी कुत्रा दूर बांधा. एका फेरीत सगळी वाट करू नका. दोनशे मीटरचा एक तुकडा ठरवा, तेवढाच स्वच्छ करा, बाकी वाट नुसती चाला. कुत्र्याचं फिरणं म्हणजे त्याचं वास घेणं, त्यावर पाणी पडू देऊ नका.

कुळागर

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं सविस्तर सांगते, कारण इथे चुकीचा घरगुती उपाय जिवावर बेततो.

दोन वेगळे शब्द शिकवा. "नको" म्हणजे तोंड लावायचंच नाही, "सोड" म्हणजे तोंडातलं टाकायचं. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला की कुत्रा गोंधळतो. "नको" घरात सुरू करा: मुठीत खाऊ धरा, तो चाटेल, खरवडेल, मूठ उघडू नका. ज्या क्षणी तो तोंड मागे घेईल त्या क्षणी दुसऱ्या हातातला खाऊ द्या. मुठीतला कधीच नाही. मग तोच खाऊ जमिनीवर, मग अंगणात, शेवटी रस्त्यावर. दिवसातून दोनदा पाच मिनिटं पुरतात. "सोड" नेहमी देवाणघेवाणीने शिकवा, उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाशी धरून. तोंडातून ओढून काढलं तर पुढच्या वेळी तो पटकन गिळून मोकळा होतो, आणि रस्त्यावरच्या हाडाच्या बाबतीत तेच सर्वांत वाईट.

शिजवलेलं चिकनचं हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटतं. मक्याचं कणीस आणि आंब्याची बाठ आतड्यात अडकतात. फॉइलला मसाल्याचा वास असतो म्हणून ते गिळलं जातं. सिगारेटच्या थोटकात निकोटीन असतं. डायपरमधली भुकटी पाणी शोषून पोटात फुगते. यातलं काही गिळल्याचा संशय असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. टोकदार वस्तू वर येताना अन्ननलिका फाडते, आणि मीठ स्वतःच विष ठरू शकतं. वारंवार उलटी, लाळ गळणं, पोट ताठ होणं, शी न होणं, खाणं सोडणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी पशुवैद्यांकडे.

पायात काच: स्वच्छ वाहत्या पाण्याखाली पंजा धरा. वरवरचा तुकडा दिसत असेल तर बारीक चिमट्याने ज्या वाटेने घुसला त्याच वाटेने सरळ मागे ओढून काढा. खोल असेल तर हात लावू नका, सैल बांधून दवाखान्यात न्या. रक्त येत असेल तर स्वच्छ गॉज ठेवून दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. पोव्हिडोन आयोडीन हे जखमेचं जंतुनाशक पाण्यात फिक्क्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. फरशी पुसायचं जंतुनाशक नको, त्याने कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. पट्टी बांधताना बोटांच्या मध्ये कापूस घाला. दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबलं नाही तर टाके लागतील.

आणखी एक. कचरा तिथे उंदीर, आणि पावसाळ्यात उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरा नावाचा रोगजंतू जातो. कुत्र्याची त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. तुमच्या स्वतःच्या हातापायावर जखम असेल तर त्या दिवशी पुलाजवळचा कचरा उचलू नका.

व्हाळाकाठचा

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. कचरा "लोक टाकतात" असं म्हटलं की वाट बंद होते. तुमच्या यादीतच उत्तर आहे: चार जागा, चार प्रकार, म्हणजे टाकणारेही चार वेगळे. प्रत्येकावर इलाज वेगळा.

पहिले दोन आठवडे एक वही ठेवा. तारीख, वार, सकाळ की संध्याकाळ, जागा, आणि काय पडलं त्याचे आकडे: बाटल्या, पिशव्या, कप, पाकिटं. जागेसाठी जवळच्या वीजखांबाचा क्रमांक लिहा, "पुलाजवळ" असं लिहिलेला कागद पालिकेत कुणी पुढे सरकवत नाही. गोणीचं वजन सामान तोलायच्या स्प्रिंगच्या काट्यावर घ्या. दोन आठवड्यांत वार दिसू लागतात.

बस स्टँडमागचे कप: कागदी कपाला आत प्लॅस्टिकचा थर असतो, त्यामुळे तो ओल्या कचऱ्यात चालत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत प्रत्येक फेरीवाल्याने स्वतःच्या कचऱ्यासाठी भांडं ठेवायची अट घातली होती. गाड्यावाल्याशी भांडण नको. झाकणाचा डबा गाड्याच्या ज्या बाजूला लोक कप टाकतात त्या बाजूला ठेवायला सांगा. मागे ठेवलेला डबा कुणी वापरत नाही.

मासळीच्या पिशव्या: १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंद आहेत. मासळी विकणाऱ्या बायांना धरून काही होत नाही, त्यांना पिशव्या पुरवणारा घाऊक दुकानदार एक-दोनच असतो. तक्रार त्याची करा. आतडी-डोकी मार्केटमध्येच वेगळ्या पिंपात गेली पाहिजेत आणि पिंप दुपारी मार्केट बंद होतानाच उचललं पाहिजे. रात्रभर राहिलं की मांजरं, कुत्री आणि कावळे ते भिंतीपाशी आणतात.

पुलावरच्या गाठ मारलेल्या पिशव्या सर्वांत अवघड. हा घरचा कचरा आहे, म्हणजे ज्या घरात गाडी पोचत नाही किंवा गाडी येते तेव्हा माणूस घरी नसतो तिथला. बहुतेक वेळा भाड्याच्या खोल्या आणि सकाळी सहाला कामाला निघणारे लोक. तिथे फलक लावून, कॅमेरा बसवून जागा फक्त दोनशे मीटर पुढे सरकते. नुसती कचराकुंडी ठेवणं तर त्याहून वाईट, रोज रिकामी झाली नाही तर ती भरून वाहते आणि गुरं ती ओढतात. चालणारा उपाय म्हणजे वेळ बदलणं: आठवड्यातून तीन दिवस तरी संध्याकाळी सात ते आठ एक गाडी त्या खोल्यांच्या तोंडाशी उभी राहावी. आणि घरमालकाला लेखी कळवावं की भाडेकरूंच्या कचऱ्याची सोय त्यालाही बघावी लागेल.

अर्ज कुणाला हे नीट बघा. कचरा पालिकेचा, रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, व्हाळ जलस्रोत खात्याचा. तिघांना वेगवेगळे अर्ज दिले की तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. एकच अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करा, बाकी दोघांना आणि नगरसेवकाला प्रत, सोबत वहीची पानं आणि दोन-तीन छायाचित्रं. आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. तरी हललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३), सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

तिठा

बाटल्यांचं राहिलं. शेताकडेच्या रस्त्यावर अख्ख्या बाटल्या एका प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये उभ्या करून ठेवल्या की भंगारवाला स्वतः नेतो. बाटली फुटण्याआधी ती हलणं महत्त्वाचं.

व्हाळाकाठचा

क्रेटला माझा विरोध आहे, भाऊ. क्रेट दिसला की ती बसायची जागा ठरते, आणि शेवटचा प्यायलेला माणूस बाटली क्रेटमध्ये ठेवत नाही, फेकतो. अख्ख्या बाटल्या गोणीत घालून थेट भंगारवाल्याकडे न्या. जवळच्या दारूच्या दुकानाला काउंटरवर रिकामी बाटली परत घ्यायला सांगा. गोवा सरकारने २०२४ मध्ये ठेव-परतावा योजना अधिसूचित केली आहे, त्यामागचं तत्त्व हेच: खरेदीला ठेव, रिकामं वेष्टन परत दिल्यावर ठेव परत.

अबोली

फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. दोन शंका उरल्या. उचललेल्या कचऱ्याचं घरी आणून काय करायचं? आणि कुत्र्याच्या शीचं? कंपोस्ट होणाऱ्या पिशवीत बांधून ठेवली तर चालेल का?

कुळागर

शी भाजीच्या खतात कधीच नको. गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि घरगुती खताचा डबा ती मारण्याइतका तापत नाही, त्याला ५५ अंश सेल्सिअस सलग काही दिवस लागतात. कंपोस्ट होणारी पिशवीही कारखान्याच्या तापमानालाच विरघळते, रस्त्याकडेला ठेवली तर ती साध्या पिशवीइतकीच पडून राहते. गाठ मारून कडेला ठेवलेली पिशवी उघड्या शीपेक्षा वाईट. वर्तमानपत्राचा कागद न्या, त्यात उचला, घरी शौचालयात शी टाकून पाणी सोडा. कागद शौचालयात नको. कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) जागा असेल तर विहिरीपासून आणि व्हाळापासून लांब वीतभर खोल पुरा.

तिठा

उचललेला कचरा: कोरडा, स्वच्छ, पाणी निथळलेला असेल तरच तो सुका कचरा. मासळीच्या पाण्यात भिजलेली पाकिटं सुक्यात घातली तर आख्खं पोतं नासतं आणि वेगळं करणाऱ्या बायांना ते हाताने उपसावं लागतं. पाकिटं, फॉइल, थर्माकोल यांना भंगारवाला हात लावत नाही. त्यातलं पुनर्वापर न होणारं सुकं गोव्यातून कर्नाटकातल्या सिमेंटच्या भट्ट्यांकडे जातं, म्हणून ते सुकं असणं गरजेचं. डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल पेनाने ठसठशीत खूण करा आणि गाडीवाल्याच्या हातात वेगळं द्या. फुटकी काच डब्यात बंद करून झाकणावर "काच" लिहा. काहीही जाळू नका. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशाने उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये दंड आहे, आणि धूर तुमच्या कुत्र्याच्याच नाकात जाणार.

व्हाळाकाठचा

वेळापत्रकाबद्दल एक लिहायचं राहिलं. चवथीआधी रस्त्याकडेचं गवत यंत्राने कापतात. त्या पात्याखाली एक पाकीट गेलं की त्याच्या चिंध्या होतात, बाटली गेली की काच दहा फुटांवर उडते, आणि मग चिमट्याने काहीच उचलता येत नाही. कापणी कधी आहे ते पालिकेच्या पर्यवेक्षकाला विचारून ठेवा आणि आदल्या दोन दिवसांत शेताकडेचा तुकडा साफ करा. वर्षभरात एवढंच एक काम जमणार असेल तर हेच करा.

तसंच एप्रिल-मेमध्ये गटारं आणि व्हाळ उपसतात तेव्हा गाळ काठावरच ठेवला जातो. पहिल्या पावसात तो सगळ्या प्लॅस्टिकसह परत आत. उपसल्यानंतर चार दिवसांत गाळ उचलला नाही तर छायाचित्र काढा आणि लगेच कळवा, जून उजाडल्यावर सांगून उपयोग नसतो.

अबोली

वही उद्यापासून सुरू करते. संध्याकाळच्या गाडीचा अर्ज तीन खोल्यांच्या मालकांच्या सह्या घेऊनच द्यावा का, की आधी एकटीने?

व्हाळाकाठचा

सह्या घेऊनच, ताई. तीन मालक आणि शक्य असेल तर भाडेकरूंपैकीही दोघं-चौघं. गाडी नेमक्या कुठल्या खांबाशी आणि किती वाजता हवी ते अर्जातच लिहा, म्हणजे पर्यवेक्षकाला नुसती फेरी लावायची उरते.