भाड्याच्या घरावर सही: घाई की उशीर? (विद्यार्थीदशेतले अनुभव)

अंगणवेल:
"आई, आज संध्याकाळपर्यंत सही करायचीय, नाहीतर घर जाईल."
लेकीचा फोन. कॉलेज सुरू होऊन जेमतेम सहा आठवडे झालेत, बाईसाहेब अजून वसतिगृहात आहेत, आणि घर कधीचं? पुढच्या ऑगस्टचं! ती मॅडिसनला (विस्कॉन्सिन) पहिल्या वर्षाला आहे. तिथे कॅम्पसच्या आसपासची बहुतेक घरं १४ ऑगस्टला रिकामी होतात आणि १५ ला नव्या पोरांच्या ताब्यात जातात. अख्खं गाव एकाच मुहूर्तावर बिऱ्हाड हलवतं आणि त्या मुहूर्ताची धावपळ दहा महिने आधी, ऑक्टोबरात.

पाच मुली. दोघींची नावं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. म्हटलं, अगं ती रात्री किती वाजता झोपते एवढं तरी माहीत आहे का? तर म्हणे, "आई, फोटो बघ ना, पोर्च आहे!" पोर्च आहे खरं. त्यावर कुणीतरी टाकून दिलेला सोफा आहे, सोफ्यातून स्पंज बाहेर आलाय. करार २७ पानांचा. नवरा चष्मा लावून बसला आणि अकराव्या पानावर अडकला. पाचही जणी मिळून आणि एकेकटीही पूर्ण भाड्याला जबाबदार. म्हणजे एक पळाली की तिचा वाटा उरलेल्या चौघींच्या डोक्यावर. आणि जामीन म्हणून सही आमची.

मला एकदम १९९७ चं कर्वेनगर आठवलं. आम्ही चौघी, दोन खोल्या, १२,००० डिपॉझिट, प्रत्येकी तीन. घरमालकीण काकूंनी स्टँपपेपरवर हाताने लिहून घेतलं होतं, त्यात "मित्र आणणार नाही" हे कलम दोनदा. आम्ही जूनमध्येच पैसे भरून मोकळ्या, कारण नंतर घरं मिळत नाहीत असं कुणीतरी सांगितलेलं. आठव्या दिवशी चौथीला सांगलीला प्रवेश मिळाला. ती गेली. काकू म्हणाल्या, तुमचं तुम्ही बघा. तिच्या बाबांनी तीन हजार परत मागितले, आमच्याकडे कुठले? शेवटी तिघींनी पाचशे-पाचशे करून दीड हजार दिले आणि तिचा स्टोव्ह ठेवून घेतला. सप्टेंबरभर खिचडी खाल्ली, त्याच स्टोव्हवर.

तुम्ही कधी सही केलीत? कुणाबरोबर? पस्तावलात का? लिहा पटापट, मला खरंच संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय.

खडूस_काका:
करू नका सही. झाला धागा.

अंगणवेल:
काका, कारण?

खडूस_काका:
"संध्याकाळपर्यंत" म्हणणाऱ्याला सोमवारपर्यंत मुदत मागा. दिली तर घाई खोटी होती. नाही दिली तर तसला मालक नकोच.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर:
बॉस्टन, २०१४. आम्ही तर एकमेकांना न बघताच सही केली. चौघं, एक नागपूरचा, एक हैदराबादचा, एक इंदूरचा आणि मी ठाण्याचा. ओळख व्हॉट्सअ‍ॅपवरची. जूनमध्ये ठाण्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे करार प्रिंट केला, सही केली, स्कॅन केला, पाठवला. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "लग्नाचं का?"

बॉस्टनमध्ये १ सप्टेंबरला घरं बदलतात, सगळी, एकाच दिवशी. मी उतरलो २४ ऑगस्टला. आठवडाभर एका सीनियरच्या हॉलमध्ये झोपलो, तिथे माझ्यासारखे आणखी सहा जण. पाणी प्यायला उठलं की कुणाच्या तरी पायावर पाय. १ तारखेला रस्त्यावर गाद्या, टेबलं, दिवे, मायक्रोवेव्ह, जाणाऱ्यांनी टाकलेलं. ऑल्स्टन भागात त्याला 'ऑल्स्टन ख्रिसमस' म्हणतात. आम्हाला वाटलं लॉटरी लागली, गादी उचलून आणली. ढेकूण!! पुढचे दोन महिने त्यांच्या सेवेत. त्यात आमच्या नागपूरकराने भाड्याचा ट्रक स्टॉरो ड्राइव्हकडे वळवला, तिथले पूल बुटके आहेत, दर वर्षी कुणी ना कुणी ट्रक अडकवतोच. तो ऐन वेळी थांबला, पण मागचे सगळे हॉर्न मारत होते आणि हा गाडीतच हनुमान चालीसा.

पैशाचं सांगायचं राहिलं. पहिला महिना, शेवटचा महिना, डिपॉझिट आणि दलाली. चार भाडी एकदम, पहिल्या दिवशी. बाबांचा चेहरा अजून आठवतो. आता तिथे १ ऑगस्ट २०२५ पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच दलाली द्यायची असा कायदा आलाय. आमच्या वेळी असता तर बाबांची एक एफडी वाचली असती.

शेवंता_७:
झेरॉक्सवाला =)) =))

लिंबूटिंबू:
वाचतेय. पोळ्या लाटता लाटता लिहिते आहे, चुका समजून घ्या. आमच्या हिची रूममेट पण अशीच निघाली. बाकी नंतर लिहिते.

गुळांबा:
अंगणवेल, मी मॅडिसनचाच. (एमएस, आता मिलवॉकी.) तुम्ही १४ आणि १५ लिहिलंत पण मधली रात्र विसरलात. जुना करार १४ च्या दुपारी संपतो, नवा १५ च्या दुपारी सुरू होतो. मधल्या चोवीस तासांत तुम्ही अधिकृतपणे बेघर. मी ती रात्र गाडीत काढली. मागच्या सीटवर तांदळाचं पोतं, पुढे मी, मांडीवर गणपती. गणपतीला डिकीत कसं ठेवणार?

घाईबद्दल: ऑक्टोबरात जे जातं ते पाच-सहा खोल्यांचं, कॅम्पसला चिकटलेलं घर. पाच जणी एकत्रच हव्यात तर घाई थोडी खरी आहे. दोघी-तिघी असतील तर अजिबात नाही. मी फेब्रुवारीत घेतलं होतं, बसने बारा मिनिटं, भाडं कमी. आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना कोण खरे मित्र ते दिवाळीनंतर कळतं. आमच्या ओळखीतल्या, ऑक्टोबरात सही केलेल्या सहा जणांपैकी मार्चमध्ये दोघं एकमेकांशी बोलत नव्हते आणि ऑगस्टमध्ये एकाच घरात राहायला गेले. फ्रिजमध्ये सेलोटेपची सीमारेषा. मी ते बघितलंय, फोटो आहे माझ्याकडे.

मोडकी_छत्री:
मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला या घाईवर २०२१ मध्ये शहराने नियमच केला. चालू भाडेकरूचा करार संपायला १५० दिवस उरेपर्यंत ते घर दुसऱ्याला दाखवायचंही नाही. आधी आम्हाला लोक सप्टेंबरात दार वाजवून "आत बघू का?" विचारायचे, मी अंघोळीला गेलेलो असताना एकदा टोळकं स्वयंपाकघरात उभं. नियम आल्यावर मालकांनी काय केलं? प्रतीक्षायाद्या काढल्या. शेवटी माणूस तोच.

टिळक_रोड_वरून:
इथे पुण्यात या राव. पेठेत कॉट बेसिस. एक खोली, पाच कॉट, पाच स्पर्धा परीक्षा. आमची सही वगैरे काही नाही, मालक वहीत नाव लिहितो. एकदा मोठेपणा करून तिघांनी कर्वे रस्त्याच्या मागे वन बीएचके घेतला, अकरा महिन्यांचा रीतसर करार, सहा महिने लॉक-इन (तोवर घर सोडता येत नाही). परीक्षा पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. एक जण कंटाळून गावी शेती बघायला गेला, दुसऱ्याचं लग्न ठरलं. मी एकटा वन बीएचकेत राजा. भाडं १४,०००. घरून यायचे ७,०००. हिशेब तुम्हीच करा, माझं गणित कच्चं म्हणूनच पूर्वपरीक्षा राहायची.

शेवंता_७:
टिळक, पुढे काय झालं? निघाली का परीक्षा?

टिळक_रोड_वरून:
निघाली. आता तालुक्याच्या गावी सरकारी क्वार्टर आहे. गळतं.

शेवंता_७:
अभिनंदन! (क्वार्टरबद्दल नाही.)

कोथरूडकरीण:
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, आमचा एक फ्लॅट आम्ही मुलींना देतो. जुलै-ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंड (फेऱ्या) चालू असतात आणि मुली टोकन, म्हणजे घर अडवायचे आगाऊ पैसे, घेऊन दारात उभ्या. मी टोकन घेत नाही. पहिल्या राउंडला पुणे, दुसऱ्या राउंडला संभाजीनगर, मग ते पाच हजार परत करताना माझाच जीव जातो. प्रवेश पक्का झाल्याची पावती दाखवा, मग या. सगळे मालक असे नसतात, माहीत आहे मला.

आणि मुलींनो, करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची आहे (१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५), "स्टँपपेपरवर भागेल" म्हणणाऱ्याला हे ऐकवा. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. एका मुलीचा अंगठा यंत्रावर उमटेच ना, भांडी घासून घासून रेषा गेलेल्या म्हणे. घरी आल्यापासून एक कप तिने विसळलेला मी पाहिला नाही.

लिंबूटिंबू:
=)) आली परत. तर आमच्या हिची रूममेट. सोसायटीने आधी "बॅचलर नको", मग "मुली असतील तर बघू", मग ना हरकत पत्राचे पैसे, मग रात्री दहानंतर लिफ्ट बंद. कुकर झाला, थांबा

ढगफुटी:
मार्च २०२०. मी इंडियानात होतो. सुट्टीला म्हणून दहा दिवसांसाठी भारतात आलो आणि अडकलो. करार ऑगस्टपर्यंत. पाच महिने रिकाम्या खोलीचं भाडं भरलं, माझं तर भरलंच, त्यातले तीन महिने एका रूममेटचा वाटाही आम्ही तिघांनी वाटून घेतला, कारण त्याच्या वडिलांचा धंदा बसला होता आणि तो फोन उचलेना. तेच अंगणवेल यांच्या अकराव्या पानावरचं कलम. राग आला होता खूप. त्याने २०२२ मध्ये पहिल्या पगारातून सगळे परत केले, न मागता. खोलीत कुकर तसाच राहिला होता, आत भात. ऑगस्टमध्ये मित्राने उघडला. तपशील देत नाही, लोक जेवत असतील.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर:
ढगफुटी, _/\_

मिरजेची_मैना:
मँचेस्टर. इथे नोव्हेंबरात पुढच्या सप्टेंबरची घरं बघायला लागतात. आम्ही पाच जणांनी घेतलं, पाचवा "मीही विद्यार्थीच" म्हणाला. तो निघाला नोकरीवाला. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर) नाही. एक जरी नोकरीवाला शिरला की ती सूट गेली, २५ टक्केच उरते. बिल तसं त्याचंच असतं, आम्ही विद्यार्थी त्यातून सुटतो, पण लिफाफा दारात पडला की रोज भांडण. तो म्हणे घर सगळ्यांचं तर कर सगळ्यांचा. आम्ही म्हणे खोटं तू बोललास.

डिपॉझिट मात्र सुखरूप मिळालं. मालकाला ते तीस दिवसांत संरक्षण योजनेत टाकावंच लागतं, त्यामुळे "रंग उडाला, एवढे कापले" चालत नाही. पुण्यात माझ्या भावाचे रंगाचे आठ हजार कापले. रंग त्यानेच लावलेला होता!

बर्लिनबाबू:
जर्मनीत सही करण्याआधी स्वयंपाकघर आहे का बघा. गंमत नाही. मी घेतलेल्या घरात स्वयंपाकघराच्या खोलीत भिंतीतून आलेला एक नळ होता, बस. ओटा, सिंक, शेगडी जुन्या भाडेकरूने उपटून नेली, तसं तिथे चालतं. महिनाभर बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले.

खडूस_काका:
अंगणवेल, संध्याकाळ झाली तुमची. काय केलंत?

सुगरण_पण_आळशी:
मला एक सांगा, तो ठेवून घेतलेला स्टोव्ह वातीचा की पंपाचा?

अंगणवेल:
@सुगरण वातीचा, दहा वातींचा. हिरवा.

@काका सोमवार मागितला, मिळाला! दोन मिनिटांत ईमेल आली, "नक्कीच". मग रविवारी पाचही घरांचा व्हिडिओ कॉल केला. लेक म्हणाली, आई हे लग्न आहे का? झेरॉक्सवाला आठवला मला. कॉलवर कळलं की एकीने घरी सांगितलंच नव्हतं. तिची आई कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच ऐकत होती, कणीक मळता मळता (पंजाबी आहेत). ती पाचवी बाहेर. उरलेल्या चौघींनी पोर्चवालं सोडलं, आता दुसरं बघतायत. १४ च्या रात्रीची सोय आमच्या गाडीत, गुळांबा, तांदळासकट.

गुळांबा:
:)) गणपतीची जागा पुढेच ठेवा.

मोडकी_छत्री:
दहा वातींचा म्हणजे चांगला मोठा. आमच्याकडे पंपाचा होता, पितळी. वात कातरायची कटकट नाही.

सुगरण_पण_आळशी:
कटकट नाही? पिन कोण मारायचं मग? आणि तो आवाज. शेजारच्यांना कळायचं आज आमच्याकडे चहा दुसऱ्यांदा झाला.

टिळक_रोड_वरून:
आमच्या मावशीकडे आहे अजून पितळी. रॉकेल मिळत नाही म्हणून त्यावर मनी प्लांट ठेवलाय.

लिंबूटिंबू:
आले. कुठपर्यंत आलो आपण? स्टोव्ह?? आमच्या हिच्या रूममेटचं राहिलंच की