‘अराजक’ व्यवस्थेत पार्सल पोहोचते कसे?

मुठेकाठचा विद्यार्थी

नमस्कार. मी नवी पेठेतील एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पहिल्याच टिपणात ‘आंतरराष्ट्रीय व्यवस्था मूलतः अराजक असते’ असे वाक्य आहे आणि तिथेच माझे घोडे अडले आहे. मागच्या महिन्यात काकूंबरोबर टपाल कार्यालयात गेलो होतो, कारण चुलतभावाला टोरांटोला फराळ पाठवायचा होता. सीमाशुल्कासाठीचा सीएन २३ हा अर्ज भरून घेतला. कडबोळ्यांना इंग्रजीत काय म्हणावे यावर काकू पाच मिनिटे अडल्या, एवढीच काय ती अडचण. डबा सुखरूप पोहोचला, चकल्यासुद्धा फारशा मोडल्या नाहीत. दोन देश, दोन टपालखाती, मधली विमाने, आणि तरीही सगळे सुरळीत. मग याला अराजक का म्हणायचे?

निवृत्त अध्यापक, सदाशिव पेठ

तुमची अडचण सिद्धान्तापेक्षा शब्दाची अधिक आहे. दंगल, लूटमार, गोंधळ अशा अर्थाने ‘अराजक’ वाचायची सवय आपल्याला वर्तमानपत्रांनी लावली; पण शब्द फोडून पाहिला तर त्यात राजा नसणे एवढेच आहे, आणि या विषयात तोच अर्थ अभिप्रेत आहे. शेजाऱ्याने तुमच्या जागेत दोन फूट कुंपण सरकवले, तर तुम्ही शिवाजीनगरच्या न्यायालयात जाता. शेजाऱ्याची इच्छा असो वा नसो, त्याच्यावर समन्स निघते आणि निकालानंतर वेळ पडली तर बेलिफ ताबा घ्यायला येतो. राष्ट्रांच्या डोक्यावर असा बेलिफ नाही. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य सनदेच्या दुसऱ्या कलमानुसार सार्वभौम म्हणून समान आहेत. सुरक्षा परिषदेतील पाच स्थायी सदस्यांना नकाराधिकार आहे हे खरे, पण त्यामुळे ते पाच जण मिळूनही जगाचे राजे होत नाहीत. उलट एकाने विरोधात हात वर केला की उरलेल्या चौघांचेही अडते.

आता तुमच्या डब्याकडे येऊ. तो अर्ज जगभर सारखा असतो, कारण १८७४ मध्ये बर्न येथे झालेल्या करारातून उभ्या राहिलेल्या जागतिक टपाल संघाने त्याचा नमुना ठरवून दिला आहे. भारत १८७६ पासून, म्हणजे स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीपासून, त्या संघात आहे. हा संघ कोणालाही डांबून ठेवू शकत नाही. परदेशातून आलेले टपाल घरोघर पोहोचवण्यापोटी मिळणारे शुल्क अन्यायकारक आहे, अशी तक्रार करून अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये बाहेर पडण्याची नोटीस दिली. तिला थांबवणारी कोणतीही सत्ता नव्हती. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात घासाघीस होऊन दरांचे नियम बदलले आणि अमेरिका आत राहिली. नियम आहेत, ते बहुतांश पाळलेही जातात. फक्त ते मोडणाऱ्याला कान धरून उभे करणारा कोणी नाही.

कर्वेनगरकर

अध्यापकांचा शब्दार्थ मान्य. तरी राजा नसला की मात्स्यन्याय येतो, मोठा मासा लहान माशाला गिळतो, हे कौटिल्यानेच सांगितले आहे ना?

निवृत्त अध्यापक, सदाशिव पेठ

सांगितले आहे, पण कुठे ते पाहा. दंड, म्हणजे शिक्षा करणारी सत्ता, नसेल तर राज्याच्या आत, प्रजेमध्ये काय होईल, या संदर्भात तो मात्स्यन्याय आणतो. राजाराजांमधील व्यवहाराला मात्र त्याने मंडल (भोवतालच्या शत्रू-मित्र राजांचे वर्तुळ) आणि षाड्गुण्य (परराष्ट्र धोरणाचे सहा मार्ग) दिले, आणि त्या सहा गुणांत पहिला क्रमांक संधीचा, म्हणजे तहाचा आहे, विग्रहाचा, म्हणजे वैराचा त्यानंतर. वर कोणी अधिपती नसतानाही करार होतात, हे त्याला नवीन नव्हते.

वकील, डेक्कन

न्यायालयाचा विषय निघाला आहे म्हणून निकालांची एक जोडी सांगतो. परीक्षेत उपयोगी पडेल. ऑगस्ट १९९९ मध्ये भारताने कच्छच्या रणाजवळ पाकिस्तानी नौदलाचे विमान पाडले. पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. राष्ट्रकुलातील देशांशी असलेले वाद या न्यायालयापुढे नेण्यास आमची संमती नाही, असे भारताने १९७४ च्या घोषणेत आधीच नोंदवून ठेवले होते. २१ जून २००० रोजी न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी आपल्याला अधिकारच नसल्याचे सांगितले. विमान पाडणे योग्य की अयोग्य, यावर एक अक्षरही नाही.

पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून मृत्युदंड सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात पक्षकार तेच, न्यायालयही तेच. पण वकिलातीच्या संपर्काबाबतच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराला जोडलेल्या ऐच्छिक पूरक करारात (ऑप्शनल प्रोटोकॉल) दोन्ही देश सहभागी असल्यामुळे संमती आधीच दिलेली होती. १७ जुलै २०१९ रोजी निकाल १५ विरुद्ध १ असा भारताच्या बाजूने लागला. तरी न्यायालयाने शिक्षा रद्द केली नाही. संपर्काची मुभा द्या आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढेच सांगितले, आणि तो फेरविचार करायचा होता पाकिस्ताननेच.

मुठेकाठचा विद्यार्थी

आता बरेच उलगडले. मग २५ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सले आपल्या टपाल खात्याने काही आठवडे स्वीकारली नव्हती, तेही याच चौकटीत बसते का? तेव्हा टपाल संघ कुठे होता?

निवृत्त अध्यापक, सदाशिव पेठ

संघ जिथल्या तिथेच होता. पार्सलाच्या अर्जाचा नमुना आणि टपालाचे दर हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे, पण आपल्या दारात जकात किती घ्यायची हा ज्याचा त्याचा अधिकार. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी एका आदेशाने काढून घेतली, आणि ते शुल्क कोणी व कसे गोळा करायचे हे स्पष्ट होईपर्यंत अनेक देशांच्या टपालखात्यांनी हात आखडता घेतला. उत्तरपत्रिकेत ‘अराजक’ लिहाच, कारण तीच संज्ञा रूढ आहे; मात्र पहिल्यांदा वापराल तेव्हा पुढच्याच वाक्यात ‘म्हणजे सर्वोच्च अधिसत्तेचा अभाव’ एवढे जोडा. निम्मे विद्यार्थी तिथे युद्धाचे वर्णन करत बसतात.