टेबल-सॉ नको, आधी धार

गॅलरीच्या आठ बाय चार फुटांत सुतारकाम सुरू करताना पहिली खरेदी टेबल-सॉची, म्हणजे टेबलात बसवलेल्या विजेच्या गोल करवतीची, करू का, असं तू विचारलंस. मनापासून सांगते, एवढ्यात नको. त्या जागेत प्लायची अख्खी शीट फिरवताही येणार नाही.

बारीक दातांची करवत, रंधा, 12 आणि 25 मिमीच्या पटाश्या (लाकूड तासायच्या छिन्न्या), गुण्या (काटकोन तपासायचं साधन) आणि चार क्लॅम्प घे. पुण्यात असशील तर बोहरी आळीत, हत्यारांच्या बाजारात, हातात धरून बघ. गुण्या तिथेच तपास: रेघ मार, गुण्या उलटा करून त्याच जागी परत मार. रेघा जुळल्या नाहीत तर दुसरा माग.

नवी पटाशी धारदार नसते. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून आधी तिची पाठ सपाट कर, मग धारेची बाजू 25-30 अंशांत घास. पाइनच्या तुकड्याचं टोक आडवं कापून बघ. भुसा पडला तर परत घास. काप गुळगुळीत, चकाकता आला की झाली धार. यात आठवडा गेला तरी जाऊ दे.

आणि एक, अँगल ग्राइंडरला (धातू घासायच्या-कापायच्या हातातल्या यंत्राला) लाकूड कापायचं पातं लावू नकोस, कुणी कितीही सांगो. ते अडकलं की ग्राइंडर हातातून उसळतो. एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली शीट) कापताना मास्क हवाच.