स्नोबोर्डचे बूट घेताना: डायलच्या मागे लागू नका, नाडी घ्या

हिमरेषा
नाडीऐवजी तारेने बूट आवळणारी बोआ कंपनीची फिरवायची डायल २००१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आली ती स्नोबोर्डच्या बुटांवरच. आज दुकानात गेलात तर विक्रेता आधी डायलचाच जोड पुढे करतो. माझं मत स्पष्ट आहे: पहिला स्वतःचा जोड घेणाऱ्याने, आणि तो घेऊन गुलमर्गला जाणार असेल त्याने तर नक्कीच, साध्या नाडीचा बूट घ्यावा.

कारण ताण. एका डायलच्या बुटात एकच तार पावलावरून घोट्यापर्यंत फिरते. टाच बसावी म्हणून डायल आवळली की पावलाचा वरचा उंचवटाही तितकाच दाबला जातो. तिथे रक्तपुरवठा अडला की वीस मिनिटांत बोटं बधिर होतात आणि माणूस म्हणतो, "बूट गरम नाही." नाडीत खालचे तीन-चार पेच सैल ठेवायचे, घोट्याच्या वळणावर नाडीला एक फेरा जास्त देऊन अडकवायची आणि वरचा भाग घट्ट ओढायचा. दोन भागांत दोन वेगळे ताण, तेही फुकटात.

दुसरं, दुरुस्ती. सव्वादोन ते पावणेतीन मीटरची सुटी नाडी खिशात मावते. डायलची तार डोंगरावर तुटली तर तो बूट त्या दिवसापुरता संपला.

आणि कुठलाही बूट घ्या, पण "थोडा मोठा असू दे, जाड मोजे घालू" हा हिशेब करू नका. पाऊल मोंडोमध्ये मोजा, म्हणजे सरळ सेंटिमीटरमध्ये. संध्याकाळी, बुटात घालणार तेच मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून, पूर्ण वजन पायावर देऊन उभं राहा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. २६.४ आलं तर बूट २६.५. भारतातल्या दुकानांत यूके क्रमांक चालतो. यूके ८ म्हणजे अमेरिकी पुरुषांचा ९, मोंडो २७. रोजचे धावायचे बूट बहुतेकांनी अर्धा-एक नंबर मोठेच घेतलेले असतात, म्हणून त्यावरून अंदाज काढला की फसायला होतं.

बर्फाळ_भटका
नंबराबद्दल सहमत. नाडीबद्दल अजिबात नाही.

तुम्ही एका डायलच्या बुटावर दोष ठेवलेत आणि निकाल सगळ्या डायलींवर दिलात. दोन डायलींच्या बुटात एक तार बाहेरचं शेल आवळते, दुसरी घोट्याभोवतीचा पट्टा मागे खेचून टाच खाली बसवते. काही मॉडेलांत विभागणी खालचा भाग आणि वरचा भाग अशी असते. म्हणजे ताणाची जी सोय तुम्ही नाडीच्या खात्यात टाकताय, ती इथे आहेच, आणि एकेका क्लिकने नेमकी करता येते.

शिवाय उतरताना काय घडतं ते बघा. पहिल्या अर्ध्या तासात लायनरचा, म्हणजे आतल्या मऊ बुटाचा, फोम अंगाच्या उबेने मऊ होतो, दबतो, आणि बूट सैल पडतो. पुन्हा आवळावाच लागतो. डायलला हातमोजा न काढता, गोंडोलात, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेत, बसल्या बसल्या पाच सेकंद पुरतात. नाडीसाठी पँटची कड वर करा, बर्फ लागून ताठ झालेली गाठ उघड्या बोटांनी सोडवा, परत ओढा. उणे १० मध्ये हे कोणी करत नाही. लोक सैल बुटानेच दिवस काढतात आणि टो-साइडचं, म्हणजे बोटांकडच्या कडेवरचं, वळण जमत नाही म्हणून हिरमुसतात.

तुटण्याचं म्हणाल तर डायल आणि तार यांना बोआची त्या बुटाच्या आयुष्यभराची हमी असते.

हिमरेषा
हमी आहे हे खरं, पण भाग मागवावा लागतो. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर जवळजवळ ४,००० मीटरवर नेऊन सोडतो, तिथे हमीचा कागद कामाचा नाही. आणि दोन डायलींचा बूट त्याच कंपनीच्या नाडीच्या बुटापेक्षा बराच महाग पडतो. तो फरक आत घालायच्या वेगळ्या सोलसाठी आणि दोन चांगल्या मेरिनो लोकरीच्या मोज्यांसाठी वापरला तर पायाला जास्त फायदा होईल.

बर्फाळ_भटका
तार तुटते ती बहुतेक वेळा झिजून, अचानक नव्हे. वेष्टन उसवलेलं दिसतं, एखादा धागा बाहेर येतो, डायलमध्ये तार आत घेताना अडखळते. सहलीआधी पूर्ण सैल करून संपूर्ण तारेवरून बोट फिरवा. सुटी तार आणि छोटा स्क्रूड्रायव्हर बॅगेत ठेवला तर हॉटेलवर बदलता येते. नाड्याही हुकांच्या कडेवर घासून तुटतातच.

कॅलगरीचा_फिटर
दोघांचीही चर्चा बंद करायच्या साधनावर चालू आहे. बूट पायाच्या आकाराशी जुळत नसेल तर नाडी काय नि डायल काय, चुकीचा आकार आणखी घट्ट आवळला जाईल इतकंच.

आधी रुंदी बघा. लांबीसोबत चवड्याची सर्वांत रुंद जागा मोजा. साधारण २६.५ लांबीला चवडा १०.५ सेंमीच्या आसपास किंवा पुढे गेला तर 'वाइड' मॉडेलच शोधा. बर्टन, सॅलोमन, के२ यांच्याकडे ती आहेत. रुंद पाय असणारे हमखास काय करतात? लांबीला एक नंबर मोठा बूट घेतात, म्हणजे चवड्याला जागा मिळते. पण मग टाचेची खोबण मागे राहते, बुटाचं वळण घोट्याच्या पुढे जातं, टाच उचलली जाते आणि ती थांबवायला माणूस बूट जीव खाऊन आवळतो. इथून बधिर बोटं सुरू होतात. हिमरेषा यांनी सांगितलेला दोष एका डायलच्या बुटात आहेच, पण माझ्या मते थंड पायांचं मोठं कारण हे आहे.

दुकानात चाचणी अशी करा. लायनर बाहेर काढा, त्यातला सोल काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. चवडा दोन्ही बाजूंनी बाहेर सांडत असेल तर तो बूट परत ठेवा. ठीक वाटला तर लायनर नीट बसवा, जीभ मधोमध आणा, पाऊल घाला आणि आवळण्याआधी टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा म्हणजे ती खोबणीत जाईल. आता आधी लायनर, मग खालचा भाग, मग वरचा. सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की ती टेकलेली बोटं किंचित मागे सरकली पाहिजेत. सरळ उभं असतानाच बोटं दुमडत असतील तर लहान, वाकल्यावरही जराशी मागे येत नसतील तरी लहान. सरळ उभं असताना कुठेच टेकत नसतील तर मोठा.

मग चवड्यावर उभं राहून टाच किती उचलते ते बघा. अर्धा सेंटिमीटर चालेल. एक सेंटिमीटर म्हणजे नकार, कारण टो-साइडला तुम्ही टाच उचलता तेव्हा आधी पाय बुटात वर येतो आणि मग बोर्ड वळतो. त्या उशिराची भरपाई म्हणून बोटं आकसली जातात, तळव्याच्या कमानीत गोळे येतात. ही सगळी चाचणी बूट घालून किमान वीस मिनिटं. पाच मिनिटांत सगळेच बूट चांगले वाटतात.

चवडा_टाच
फिटरदादा, "बोटं टेकली पाहिजेत" हा नियम वर्षाला तीस-चाळीस दिवस उतरणाऱ्यांचा आहे, असं मला ठामपणे वाटतं. नवा लायनर दबून पायाला जागा देतो हे मान्य, साधारण अर्ध्या नंबराइतकी. पण त्याला आठ-दहा दिवस वापर लागतो. मुंबई-पुण्याहून वर्षातून एकदा चार दिवस जाणाऱ्याचा बूट तेवढा दबायला दोन-तीन वर्षं जातील. तोवर त्याने प्रत्येक सहलीत अंगठ्याचं नख काळं करून घ्यायचं का? अशा माणसाला मी अर्धा नंबर वरचा देईन आणि टाचेला फोमचे पॅड लावेन.

कॅलगरीचा_फिटर
त्या माणसासाठी बूट गरम करून बसवणं हा उपाय आहे. आजच्या बहुतेक चांगल्या लायनरचा फोम उष्णतेने आकार घेतो. दुकानात गरम हवेच्या नळीने लायनर तापवतात, बोटांवर टोपी घालतात म्हणजे पुढे जास्तीची जागा होते, मग पाय घालून मध्यम ताणाने आवळून दहा-पंधरा मिनिटं हलकं वाकून उभं राहायचं. आठ दिवसांचं काम एका बैठकीत. पॅडने मोठा बूट लहान होत नाही, फक्त टाचेपुरता होतो. वळणाची जागा चुकलेलीच राहते.

चवडा_टाच
गरम केल्याने फोमचं थोडं आयुष्य पहिल्याच दिवशी खर्च होतं, हेही सांगा. आणि शेल तसूभरही ताणलं जात नाही. ज्याची बोटं लायनरला नव्हे तर शेलच्या टोकाला लागतात, त्याला गरम करून काही उपयोग नाही. भारतात हे करून देणारं दुकान शोधावं लागेल ते वेगळंच. घरच्या ओव्हनमध्ये किंवा हेअर ड्रायरने करायला जाल तर एका जागी फोम करपेल आणि चिकटवलेले थर सुटतील.

कॅलगरीचा_फिटर
घरी करू नये, यावर पूर्ण सहमत. मात्र परदेशातल्या नातेवाइकांकडून बूट मागवणाऱ्यांनी उलटं करावं: स्वतः तिथे जाणार असाल तेव्हाच घ्या आणि तिथेच बसवून घ्या. दुसऱ्याच्या हाती नंबर कळवून आणलेला बूट परत करता येत नाही आणि मग वर्षानुवर्षं चुकीच्या बुटात पाय कोंबला जातो.

पावडर_पाहिजे
या सगळ्यात स्टेप ऑनचा, म्हणजे पट्ट्यांशिवाय बूट बोर्डाला अडकवणाऱ्या बाइंडिंगचा, उल्लेखच नाही! बर्टनने २०१७ मध्ये आणलं, नंतर नायट्रो, डीसी यांनीही त्यात बसणारे बूट काढले. बुटाला चवड्याच्या दोन बाजूंना आणि टाचेला एक अशा तीन पकडी असतात, पाय ठेवला की क्लिक. टाच बाइंडिंगच बुटासकट धरून ठेवतं. दर फेरीला ओल्या बर्फावर बसून पट्टे बांधणं संपलं. नवा बूट घेताय तर पुढच्या पाच वर्षांचा विचार करा.

हिमरेषा
बाइंडिंग बुटाची टाच धरतं, तुमची टाच बुटात धरत नाही. फिटरदादांनी सांगितलेली एक सेंटिमीटरची उचल तिथेही तशीच राहील.

आणि गुलमर्ग हे खोल, सुक्या बर्फाचं ठिकाण आहे. उतारावर मांडीभर बर्फात बोर्ड घालायचा तर टाचेखालची पकड आणि बाइंडिंगचा तळ खरवडून साफ करावा लागतो. मध्ये बर्फ दाबला गेला की टाच पूर्ण बसत नाही, पहिलीच क्लिक होते आणि दुसरी राहते. शिवाय त्या पद्धतीत बसणारे बूट मोजकेच. पायाचा आकार त्या मोजक्यांत सापडला नाही तर? पट्टे नकोच असतील तर नायडेकरच्या सुपरमॅटिकसारखं बाइंडिंग घ्या, त्यात कुठलाही साधा बूट चालतो.

पावडर_पाहिजे
दोन्ही क्लिक ऐकायची सवय लागते, पाय उचलून खात्री करता येते. तळ साफ करणं तर पट्ट्यांच्या बाइंडिंगलाही लागतं, नाहीतर बूट बर्फाच्या थरावर उभा राहतो आणि पट्टे सैल पडतात. बूट मोजके आहेत हे मात्र खरं. म्हणून आधी स्टेप ऑनचे बूट पायात घालून बघा, बसले तर घ्या, नाही बसले तर सोडा.

आडवी_कड
बूट बोर्डाशी जुळतो का, हे कोणीच लिहिलं नाही. २७ मोंडोचा बूट बाहेरून साधारण ३० सेंमी भरतो. बाइंडिंग १५ अंशांत वळवलं तर बोर्डाच्या आडवा तो २९ सेंमी व्यापतो. बोर्डची कंबर, म्हणजे मधली सर्वांत अरुंद जागा, २५ असली तर बाइंडिंगच्या जागी रुंदी २६ च्या आसपास. उरले ३, म्हणजे पुढे-मागे दीड-दीड सेंमी बाहेर. हे चालतं. दोन सेंमीच्या पुढे गेलं की कडक बर्फावर बोर्ड कडेवर घेताना बुटाचं टोक आधी टेकतं, कड सुटते आणि माणूस आडवा होतो. मऊ बर्फात हाच बूट काही त्रास देणार नाही. म्हणून मोंडो एकच असलेल्या दोन बुटांत बाहेरून आखूड असलेला निवडा, टेप घेऊन दुकानात मोजा. बाइंडिंगवर छापलेला बुटांचा पल्लाही तपासा. दोन मापांच्या सीमेवर असाल तर बूट प्रत्यक्ष घालूनच ठरवा.

बर्फाळ_भटका
उत्तम मुद्दा. कडकपणाबद्दलही लिहितो. कंपन्या १ ते १० आकडा देतात, पण तो सगळ्यांचा सारखा नाही. एकाचा ५ दुसऱ्याचा ७ निघतो. तुलना एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत करा. नवशिक्याला ३-४, रोजच्या उतारासाठी ५-६. वजन ८५ किलोच्या वर असेल तर एक पायरी कडक घ्या, ५५ असेल तर एक पायरी मऊ. दुकानातल्या २० अंशांत जो बूट बरोबर वाटतो तो बाहेर उणे १० मध्ये आणखी ताठ होतो आणि वापराने हळूहळू मऊ पडतो.

चवडा_टाच
नाडी की डायल या मूळ वादाला एक मधला रस्ता आहे. व्हॅन्सच्या इन्फ्यूजसारख्या बुटांत बाहेर साधी नाडी आणि टाच धरायला बाजूला एक डायल असते. तार गेली तरी नाडीवर दिवस निभावतो.

हिमरेषा
हा पर्याय मला पटतो, पायाला बसत असेल तर. मात्र ओल्या नाडीचा बर्फाळ_भटका यांचा मुद्दा तिथेही लागू आहे, म्हणून संध्याकाळी हे करा: नाडी पूर्ण सैल सोडा, लायनर आणि सोल वेगळे काढा, शेल आणि लायनर दोन्ही खोलीच्या हवेत उभे ठेवा. बुखारीला (काश्मिरी शेगडीला) किंवा हीटरला चिकटवून नको, बुटाच्या तळाचा गोंद सुटतो आणि फोम आक्रसतो. आणि विमानात बूट केबिन बॅगेत घ्या. जोड दोन-सव्वादोन किलोचा असतो. चेक-इनचं सामान हरवलं तर बोर्ड भाड्याने मिळतो, तुमच्या पायाला बसवलेला बूट मिळत नाही.